फलकावरचा जवान आणि सभागृहातला माजी सैनिक

निवडणूक जवळ आली की महाराष्ट्रातल्या माझ्या शाळासोबत्यांच्या व्हॉट्सअॅप गटावर दोन मते हटकून मांडली जातात. पहिले मत असे की राजकारण सुधारायचे असेल तर माजी सैनिकांना विधानसभेत पाठवले पाहिजे, कारण शिस्त आणि त्याग यांचा अर्थ त्यांना अनुभवाने ठाऊक असतो. दुसरे मत असे की लष्कराचा राजकारणाशी दूरान्वयानेही संबंध येता कामा नये आणि गणवेश उतरवल्यानंतरही सैनिकाने पक्षाचा झेंडा हाती घेऊ नये. वाद चढत गेला की दोन्ही बाजूंना अमेरिकेचा दाखला हवा असतो आणि तो मी द्यावा अशी अपेक्षा असते, कारण गेली बरीच वर्षे मी जॉर्जिया राज्यात, अटलांटाजवळ राहतो. अमेरिकेत सैनिकाला केवढा मान देतात हे तूच सांग, असा बहुतेकांचा आग्रह असतो.

मान देतात, हे खरे आहे. बेसबॉलच्या सामन्यात मध्येच एखाद्या जवानाचे नाव पुकारले जाते आणि सगळे प्रेक्षागार उभे राहते. विमानात गणवेशधाऱ्यांना आधी चढू देतात. दुकानांत त्यांना सवलत मिळते. परंतु दाखला द्यायचाच तर तो पुरा द्यावा. याच जॉर्जियाने व्हिएतनाम युद्धात जायबंदी होऊन पुढे राजकारणात आलेल्या मॅक्स क्लीलंड यांना घडवले, डोक्यावर घेतले आणि एका निवडणुकीत त्यांच्या देशनिष्ठेवर संशयाची सावली पडू दिली. मायदेशी चाललेल्या वादाला क्लीलंड यांच्या आयुष्याइतके उपयोगी दुसरे उदाहरण मला सापडलेले नाही.

क्लीलंड यांचा जन्म १९४२ सालचा, अटलांटाचा. ते वाढले लिथोनिया या ग्रॅनाइटच्या खाणींसाठी ओळखल्या जाणाऱ्या लहान गावात. शिक्षण संपवून ते लष्कराच्या सिग्नल विभागात अधिकारी झाले आणि १९६७ मध्ये स्वतःहून मागणी करून व्हिएतनामला गेले. एप्रिल १९६८ मध्ये खे सान्ह येथील अमेरिकी तळाभोवतीचा वेढा फोडण्याच्या मोहिमेत त्यांच्या तुकडीच्या ठाण्यावर रॉकेटांचा आणि तोफगोळ्यांचा मारा झाला, तेव्हा आडोसा सोडून जखमी सोबत्यांवर उपचार करायला ते उघड्यावर गेले. या कामगिरीसाठी त्यांना सिल्व्हर स्टार हे शौर्यपदक मिळाले. त्यानंतर चारच दिवसांनी, ८ एप्रिलला, ते हेलिकॉप्टरमधून एका टेकडीवर उतरले, मागे वळले आणि त्यांना जमिनीवर एक हातबाँब पडलेला दिसला. तो आपल्याच पट्ट्यातून निसटला असावा असे समजून त्यांनी तो उचलायला उजवा हात पुढे केला. स्फोटात तो हात आणि दोन्ही पाय गेले. त्यांचे वय तेव्हा २५ वर्षांचे होते.

पुढची ३१ वर्षे हा माणूस मनाशी एकच गोष्ट धरून जगला, ती म्हणजे हे सारे आपल्या हलगर्जीपणामुळे झाले. १९९९ मध्ये एका माजी मरीन सैनिकाने दूरचित्रवाणीवर त्यांची हकीकत ऐकली आणि त्यांच्याशी संपर्क साधला. स्फोटानंतर क्लीलंड यांच्याजवळ पोहोचून त्यांचा रक्तस्राव थांबवणाऱ्यांपैकी तो एक होता. त्याने सांगितले की तो हातबाँब क्लीलंड यांचा नव्हताच. नुकत्याच उतरलेल्या एका नवख्या जवानाने आपल्या हातबाँबच्या पिना सैल करून ठेवल्या होत्या, त्याच्याकडून तो पडला होता आणि तो पोरगा तिथेच रडत उभा होता. खे सान्हचा तो क्षण राजकारणात किती सहजपणे हत्यार म्हणून वापरला गेला, हे पुढे येईलच.

रुग्णालयातून घरी परतलेल्या क्लीलंड यांच्याकडे नोकरी नव्हती आणि कोणता व्यवसाय झेपेल याचा अंदाज नव्हता. १९७० मध्ये ते जॉर्जियाच्या राज्य सिनेटसाठी, म्हणजे विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहासाठी, उभे राहिले आणि २८ व्या वर्षी निवडून आले. त्याच निवडणुकीत जिमी कार्टर राज्याचे गव्हर्नर झाले. जॉर्जियाच्या विधिमंडळाचे कामकाज वर्षाला ४० दिवस चालते. बरेचसे आमदार उरलेला काळ आपापला धंदा-व्यवसाय सांभाळतात. देशाच्या वर्तमानपत्रांत या सभागृहाची बातमी क्वचितच येते. पण सार्वजनिक इमारतींत अपंगांना आणि वृद्धांना विनासायास जाता आले पाहिजे, यासाठीचा राज्याचा कायदा क्लीलंड यांनी याच सभागृहात पुढे नेला. संपूर्ण देशाला लागू होणारा अमेरिकन्स विथ डिसेबिलिटीज अॅक्ट १९९० मध्ये आला, म्हणजे त्यानंतर जवळपास दोन दशकांनी. आपल्याकडे पहिला कायदा १९९५ चा आणि सध्याचा २०१६ चा. आणि सुगम्यतेचे नियम केवळ मार्गदर्शक असून चालणार नाहीत, ते बंधनकारक असले पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयाला नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगावे लागले.

या ठिकाणी मी थोडा रेंगाळतो, कारण माजी सैनिकांना आमदार करा असे म्हणणारे माझे मित्र शिस्तीविषयी भरभरून बोलतात आणि सभागृहातल्या कामाविषयी अवाक्षर काढत नाहीत. क्लीलंड यांनी सभागृहात शिस्त आणली नाही. त्यांनी जिने आणि दरवाजे यांविषयी कायदा आणला. चाकाच्या खुर्चीत बसल्यावर जग कसे दिसते ते त्यांना कळले होते आणि ते ज्ञान त्यांनी पायऱ्या चढताना दम लागणाऱ्या, युद्धाशी कसलाही संबंध नसलेल्या वृद्धांच्याही उपयोगी आणले.

१९७४ मध्ये त्यांनी लेफ्टनंट गव्हर्नरपदासाठी, म्हणजे राज्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या पदासाठी, आपल्या डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागितली आणि ते हरले. तीन अवयव देशासाठी गमावलेल्या माणसाला त्याच्याच पक्षाच्या मतदारांनी नाकारले, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही, हे मला त्या लोकशाहीच्या निकोपपणाचे लक्षण वाटते. १९७७ मध्ये कार्टर यांनी राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांना माजी सैनिकांसाठीच्या केंद्रीय प्रशासनाचे प्रमुख नेमले. त्या वेळी ते ३४ वर्षांचे होते आणि त्या पदावर आलेले व्हिएतनाम युद्धातले पहिलेच सैनिक होते. युद्धाहून आलेला माणूस रात्री दचकून उठतो, दारूला लागतो, घरात आणि नोकरीत टिकत नाही, या तक्रारी तोवर स्वभावदोष म्हणून झटकल्या जात होत्या. त्यांच्या कारकिर्दीत १९७९ साली मोठ्या रुग्णालयांपासून वेगळी, वस्तीतल्या रस्त्यावर उघडणारी समुपदेशन केंद्रे सुरू झाली, जिथे सैनिक रुग्ण म्हणून नाव न लावता येऊन बसू शके. आघातानंतरच्या या मनोविकाराला मानसोपचाराच्या अधिकृत वर्गीकरणात स्थान मिळाले ते १९८० मध्ये. आज देशभर अशी सुमारे ३०० केंद्रे आहेत.

त्यानंतर ते राज्यात परतले. १९८२ मध्ये जॉर्जियाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट या पदावर ते थेट मतदारांकडून निवडून आले आणि १९९६ पर्यंत त्या पदावर राहिले. राज्यातल्या निवडणुका घेणे, कंपन्यांची नोंदणी, व्यावसायिक परवाने अशी रुक्ष कामे या कार्यालयाकडे असतात. (जानेवारी २०२१ मध्ये मावळते राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी जॉर्जियातला आपला पराभव फिरवण्यासाठी ११,७८० मते शोधून द्या असा दूरध्वनी केला, तो याच कार्यालयात क्लीलंड यांच्या जागी पुढे आलेल्या अधिकाऱ्याला.) वाहन परवाना काढायला गेलेल्या नागरिकाची तिथेच मतदार म्हणून नोंद करण्याची केंद्रीय कायद्याची तरतूद जॉर्जियात लागू झाली ती त्यांच्या काळात. मी नागरिक झाल्यावर परवान्याच्या खिडकीवर बसलेल्या बाईंनी, मतदार म्हणून नाव नोंदवायचे आहे का, असे अगदी सहज विचारले होते. त्या एका प्रश्नामागे कायदा, अर्जाचा नमुना आणि दोन खात्यांमधला समन्वय होता, हे मला नंतर समजले.

१९९६ मध्ये ते अटीतटीच्या लढतीत अमेरिकेच्या सिनेटवर निवडून गेले. २००२ मध्ये फेरनिवडणूक आली, तेव्हा ११ सप्टेंबरच्या हल्ल्याला जेमतेम वर्ष उलटले होते. अंतर्गत सुरक्षेसाठी नवे खाते काढण्याचा प्रस्ताव चर्चेत होता. खाते हवे याविषयी क्लीलंड यांचे दुमत नव्हते. त्यातल्या कर्मचाऱ्यांचे संघटनेचे हक्क काढून घेण्याला त्यांचा विरोध होता आणि त्या मुद्द्यावर त्यांनी वारंवार प्रतिकूल मत दिले होते. रिपब्लिकन पक्षाचे प्रतिस्पर्धी सॅक्सबी चॅम्ब्लिस यांनी दूरचित्रवाणीवर एक जाहिरात दिली. तिच्या आरंभी ओसामा बिन लादेन आणि सद्दाम हुसेन यांची चित्रे होती, पाठोपाठ क्लीलंड यांचा चेहरा, आणि निवेदन असे की राष्ट्राध्यक्षांच्या सुरक्षाविषयक प्रयत्नांविरुद्ध यांनी ११ वेळा मत दिले. चॅम्ब्लिस स्वतः व्हिएतनामला गेलेले नव्हते. शिक्षण आणि गुडघ्याचे दुखणे या कारणांवरून त्यांना सक्तीच्या भरतीतून सूट मिळाली होती. त्यांच्याच पक्षाच्या जॉन मॅक्केन यांनी, जे स्वतः व्हिएतनाममध्ये युद्धकैदी होते, या जाहिरातीचा कडक शब्दांत निषेध केला. क्लीलंड सुमारे ५३ विरुद्ध ४६ टक्के अशा फरकाने पराभूत झाले.

जाहिरातीमुळेच ते हरले असे म्हणणे मात्र सोपेपणाचे होईल. त्या वर्षी जॉर्जियात वारे फिरले होते. राज्याच्या ध्वजातून गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणेचे चिन्ह लहान केल्याचा राग ग्रामीण गोऱ्या मतदारांत होता, आणि त्या लाटेत गव्हर्नरही पडले. शिवाय त्यांच्या ११ मतांवर प्रश्न विचारण्याचा प्रतिस्पर्ध्याला पूर्ण अधिकार होता. शौर्यपदक हे मतांच्या हिशेबातून सुटका देणारे प्रमाणपत्र नव्हे. इराक युद्धाला मान्यता देणाऱ्या ठरावाच्या बाजूने त्याच ऑक्टोबरमध्ये क्लीलंड यांनी मत दिले होते. पुढे त्यांनी स्वतःच त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. त्या मताबद्दल त्यांच्यावर टीका झाली असती तर मी ती योग्यच म्हटली असती. माझा आक्षेप शत्रूच्या चेहऱ्याशेजारी त्यांचा चेहरा ठेवण्याला आहे, कारण तिथे मताची चिकित्सा संपते आणि माणसाच्या निष्ठेचा सौदा सुरू होतो.

तो सौदा पुढेही थांबला नाही. २००४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जॉन केरी यांच्या व्हिएतनाममधल्या युद्धसेवेवर शंका घेणाऱ्या जाहिराती सुरू झाल्या, तेव्हा क्लीलंड चाकाच्या खुर्चीतून राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या टेक्सासमधल्या शेतघराच्या फाटकापर्यंत निषेधाचे पत्र घेऊन गेले. ते त्यांना आत देता आले नाही. त्याच वर्षी त्यांच्या स्वतःच्या जखमांचीही टवाळी झाली: हातबाँब शत्रूचा नव्हता, तेव्हा यात पराक्रम तो कसला, असे छापून आले. ज्या क्षणाने त्यांना ३१ वर्षे पोखरले होते, तोच आता त्यांच्याविरुद्धचा पुरावा झाला होता. पराभवानंतर ते नैराश्यात खोल गेले आणि जुन्या आघाताने पुन्हा डोके वर काढले. ज्या वॉल्टर रीड रुग्णालयात १९६८ मध्ये त्यांच्यावर उपचार झाले होते, तिथेच ते मनाच्या उपचारांसाठी परत गेले. तिथल्या खोल्या आता इराक आणि अफगाणिस्तानातून आलेल्या तरुणांनी भरल्या होत्या. २००९ पासून काही वर्षे त्यांनी परदेशांतल्या अमेरिकी युद्धस्मारकांची देखभाल करणाऱ्या आयोगाचे काम पाहिले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये, ७९ व्या वर्षी, अटलांटात त्यांचे निधन झाले. अटलांटाच्या माजी सैनिक रुग्णालयाला आता त्यांचे नाव आहे.

मायदेशाकडे पाहताना मला हे सगळे आठवते. निवडणूक आयोगाने डिसेंबर २०१३ मध्ये सर्व पक्षांना कळवले होते की जवानांची आणि सेनाधिकाऱ्यांची छायाचित्रे प्रचारात वापरू नयेत. मार्च २०१९ मध्ये, पुलवामा आणि बालाकोटनंतर विंग कमांडर अभिनंदन वर्धमान यांचा चेहरा पक्षांच्या फलकांवर झळकू लागला, तेव्हा आयोगाला तीच सूचना पुन्हा काढावी लागली. पुढच्याच महिन्यात लातूर जिल्ह्यातल्या औसा येथील सभेत पंतप्रधानांनी पहिल्यांदा मतदान करणाऱ्या तरुणांना, आपले मत बालाकोटच्या वीरांना आणि पुलवामाच्या हुतात्म्यांना समर्पित करण्याचे आवाहन केले. आयोगाने बहुमताने त्यात आचारसंहितेचा भंग नसल्याचे ठरवले. एका आयुक्तांचे मत वेगळे होते. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरची माहिती देशाला देणाऱ्या कर्नल सोफिया कुरेशी यांच्याविषयी मध्य प्रदेशातल्या एका मंत्र्याने असे उद्गार काढले की उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. गणवेशाचा मान गणवेशातल्या माणसाचा धर्म पाहून ठरणार असेल, तर फलकांवरच्या त्या सगळ्या सलामीला मी मान म्हणणार नाही.

तरीही, माजी सैनिकाने राजकारणात येऊच नये या दुसऱ्या बाजूच्या मताशीही मी सहमत होऊ शकत नाही. सेवेत असलेले लष्कर राजकारणापासून कसोशीने दूर राहिले पाहिजे. शेजारच्या देशांकडे पाहिले तर याची किंमत लगेच कळते. पण निवृत्त सैनिक हा नागरिक आहे, आणि भारतीय मतदाराने त्याला नागरिक म्हणूनच तोलले आहे. जनरल करिअप्पा, स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय लष्करप्रमुख, १९७१ मध्ये ईशान्य मुंबईतून लोकसभेला उभे राहिले आणि मुंबईकरांनी त्यांना हरवले. कोकणातल्या राजापूर मतदारसंघाने १९९१ मध्ये मधु दंडवते यांच्यासारख्या मातब्बर संसदपटूऐवजी सुधीर सावंत या माजी लष्करी अधिकाऱ्याला निवडले. उत्तराखंडचे मुख्यमंत्री मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी यांनी २०११ मध्ये कडक लोकायुक्त विधेयक आणले, २०१२ ची निवडणूक त्यांच्याच नावावर लढवली गेली आणि ते स्वतः कोटद्वारमधून पराभूत झाले. हे करताना करिअप्पांना किंवा खंडुरींना देशद्रोही ठरवण्याची गरज मतदाराला भासली नाही. आपल्या लोकशाहीची ही कमाई आहे आणि ती अलीकडच्या काळात खर्च होत चालली आहे, याची मला काळजी वाटते.

विधान परिषदेत शिक्षक आणि पदवीधरांसारखा माजी सैनिकांचाही मतदारसंघ असावा, असे गटावरचा एक मित्र कळकळीने सुचवतो. महाराष्ट्राच्या ७८ जणांच्या परिषदेत शिक्षकांचे सात आणि पदवीधरांचे सात प्रतिनिधी असतात, मग सैनिकांचे का नकोत, हा त्याचा प्रश्न वाजवी आहे. त्याचे गाव सातारा जिल्ह्यातले, घरटी एकजण फौजेत असलेले, म्हणून त्याची तळमळ मला समजते. परंतु राखीव जागेवरून आलेला प्रतिनिधी निवृत्तिवेतनापुरता बोलेल आणि उरलेले सभागृह त्या विषयातून मोकळे होईल, अशी मला भीती वाटते. क्लीलंड यांना दुकानदार, शेतकरी, गृहिणी अशा सर्वांची मते मागावी लागली, म्हणूनच त्यांचे काम सर्वांच्या उपयोगी पडले.

आणि जखमी सैनिकाविषयी आपण प्रत्यक्षात काय करतो? सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले, १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात त्यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिले, आणि पद्मश्री त्यांना मिळाली ती २०१८ मध्ये. जून २०१९ मध्ये, म्हणजे जवानांच्या नावाने मते मागून झाल्यावर काही आठवड्यांतच, जखमी होऊनही सेवेत टिकून राहिलेल्यांच्या अपंगत्व निवृत्तिवेतनाची करमाफी काढण्याचे परिपत्रक निघाले. आणि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसारख्या संस्थांत प्रशिक्षणादरम्यान कायमचे अपंगत्व आलेली मुले अधिकारी होण्याआधीच घरी पाठवली जातात, त्यांना माजी सैनिकाचा दर्जाही मिळत नाही, या प्रश्नाची सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेतली. यातली काही मुले विशीतच अंथरुणाला खिळली आहेत. पुण्यापासून तासाभराच्या अंतरावर घडणारी ही गोष्ट आमच्या गटावर कोणी मांडल्याचे मला आठवत नाही. फलकांवरून मात्र रात्र रात्र वाद झाले आहेत.

यात आम्हा परदेशस्थांचाही वाटा आहे. इथे बसून शौर्याच्या चित्रफिती पुढे पाठवायला आम्हाला काहीच किंमत मोजावी लागत नाही, आमची मुले ना खडकवासल्याला जातात ना सियाचिनला. म्हणून मित्रांना मी अमेरिकेचा दाखला देतो तो क्लीलंड यांचाच, त्यांच्या पदकासह आणि त्यांच्या पराभवासह. पुढच्या वेळी कोणी माजी फौजी तुमच्या तालुक्यात उमेदवार म्हणून उभा राहिला, तर तहसील कचेरीच्या पायऱ्यांचे काय करणार, जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजाराला डॉक्टर आणणार का, खडकवासल्याहून परत आलेल्या त्या मुलांसाठी सरकारकडे काय मागणार, हे त्याला विचारा. समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर खुशाल दुसऱ्याला मत द्या.